पांढऱ्या पायाचा

ताई,

तू गेल्यापासून घरात पाऊल टाकणारं प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल चांगलंच बोलतंय. नळाच्या पाण्यावरून ज्यांच्याशी तुझं कधी पटलं नाही, त्या शेजारच्या काकूंनीही डोळ्याला पदर लावून सांगितलं की असं माणूस पुन्हा व्हायचं नाही. तू असतीस तर स्वयंपाकघरात जाऊन तोंड दाबून हसली असतीस. वाईट बोललं जातंय ते फक्त तुझ्या कुत्र्याबद्दल, मोज्याबद्दल. दहाव्याच्या आत हे कुत्रं घराबाहेर गेलं पाहिजे, असं आत्यानं मला सगळ्यांसमोर बजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर आत्याचं म्हणणं मला पटलंही होतं. दहावा उद्या आहे. आज सकाळी काय झालं ते सांगायला बसलोय, कारण या कुत्र्यावरून तुझ्यामाझ्यात सुरू झालेलं भांडण तू अर्धवट टाकून गेलीस.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तुझा फोन आला, "रविवारी गाडी घेऊन ये, पैठण रोडला जायचंय." आपल्या घरात पैठण रोड म्हणजे नाथांचं दर्शन. मी करमाडहून सकाळीच आंघोळ उरकून, पांढरा सदरा घालून आलो. तुझ्या भावजयीनं, वंदनानं, वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या. चितेगावच्या अलीकडं तू म्हणालीस, "इथं वळव." आत गेलो तर पत्र्याची शेड आणि कानठळ्या बसतील असं भुंकणं. रस्त्यावर जखमी झालेली, मालकांनी सोडून दिलेली कुत्री तिथं सांभाळतात आणि कोणी घरी न्यायला तयार असेल त्याला देतात, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. हातात दशम्यांचा डबा, अंगात पांढरा सदरा, आणि सदऱ्यावर आल्याआल्या चिखलाचे दोन पंजे. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "झालं दर्शन."

पिल्लं होती तिथं, गोरीगोमटी, एकावर एक पडणारी. एक तर माझ्या बुटाची नाडी सोडायला लागलं होतं. मी म्हटलं घ्यायचंच असेल तर हे घेऊ. तू ऐकलंही नाहीस. तू सरळ शेवटच्या जाळीपाशी गेलीस. तिथं एक काळं कुत्रं आपल्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. वयानं उतरलेलं, एक कान फाटलेला. एवढ्या गलक्यात ते एकटंच गप्प होतं. तिथले सांभाळणारे चाचा धावत आले. "आपा, उसको रहने दो. बुड्ढा है. पिल्ला लेके जाव."

तू विचारलंस, याला कोणी का नेत नाही. चाचांनी आधी टाळाटाळ केली. मग म्हणाले, "बिमार आदमी के खाट के नीचे जाके बैठता ये. फिर वो आदमी उठता नै. पहले मालिक का वैसाच हुआ. घरवाले ताला मार के चले गए, ये गेट पे बैठा रहा. फिर एक घर में दिये, वहाँ की नानी गुजर गई. वो लोगाँ इसको वापस लाके छोड़ दिये."

मला वाटलं, आता तू मागं फिरशील. तू खाली बसलीस आणि जाळीतून बोट आत घातलंस. "चाचा, मी सगळी नोकरी वॉर्डात काढली," तू म्हणालीस. "नातेवाईक बरोब्बर शेवटच्या घटकेला खाली चहा प्यायला गेलेले असायचे. असा एक अटेंडंट मला मिळाला असता तर लई बरं झालं असतं." चाचा हसले. कुत्र्यानं वळून तुझं बोट हुंगलं आणि उठून उभं राहिलं, तेव्हा मला त्याचे पाय दिसले. अंगानं काळंभोर, आणि चारही पाय घोट्यापर्यंत पांढरे. मी तुझ्या कानाशी लागलो. "ताई, त्याचे पाय बघ."

"बघितले," तू म्हणालीस. "म्हणूनच तर."

तू लग्न होऊन सासरी गेलीस आणि वर्षाच्या आत भाऊजी गेले. विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून गेले, पण तुझ्या सासरच्यांनी खापर फोडलं ते तुझ्या पायांवर. पांढऱ्या पायाची म्हणून तुला परत पाठवलं. मी तेव्हा लहान होतो, मला तो शब्द अगदी अक्षरशः खरा वाटला होता. तू अंगणात पाय धुवायला बसलीस की मी लपून तुझे पाय बघायचो. ते तर आमच्यासारखेच सावळे होते. मग पांढरे कोणते, याचं मला कोडं पडायचं. पुढं तू नर्सिंग केलंस, सरकारी दवाखान्यात लागलीस, गारखेड्यात हे घर बांधलंस, वडील गेल्यावर आईला गावाहून इथं आणलंस. तुला नावं ठेवणारे सगळे तुझ्याकडेच बीपी मोजून घ्यायला येऊ लागले. पण तो शब्द कोणी मागं घेतला नाही, आणि तूही तो विसरली नव्हतीस, हे मला त्या शेडमध्ये कळलं.

परत येताना कुत्रं मागच्या सीटवर तुझ्या मांडीला टेकून बसलं होतं. शेड कुठल्या कुठं मागं राहिली, तरी मी आरशातून त्याच्याकडेच बघत होतो. तू म्हणालीस, "बाळू, पुढं बघून गाडी चालव. आणि त्याचे पाय पांढरे नाहीत. मोजे घातलेत त्यानं." तिथंच त्याचं नाव पडलं.

आई कुत्र्याला घरात घेणार नाही, निदान चार शब्द सुनावेल, अशी माझी खात्री होती. ती दारातच उभी होती. तिनं गोणपाट धुऊन, वाळवून अंथरून ठेवलं होतं. मोज्याकडे बरंच बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "आलास का बाबा." मोज्यानं उंबरा ओलांडायला वेळ घेतला. मग सगळं घर हुंगलं, आईची काठी हुंगली, देव्हाऱ्याखाली डोकावला आणि गोणपाट सोडून तुझ्या खाटेखाली जाऊन पडला. मी म्हटलं, "त्याला आईच्या खोलीत निजव, म्हातारीला सोबत होईल." तू म्हणालीस, "तो त्याच्या मनानं बसतो, आपण कोण सांगणारे." तेव्हा तू चांगली धडधाकट दिसत होतीस. त्याच संध्याकाळी तू दोन जिने चढून गच्चीवरचे वाळलेले कपडे काढून आणलेस.

त्याच्या अंगी एकच खोड होती. घरातलं कोणी न सांगता बाहेर पडलं की तो वेडापिसा व्हायचा. फाटकाशी जाऊन पंजानं माती उकरायचा, तोंडातून बारीक आवाज काढायचा, आणि ते माणूस परत येईपर्यंत पाण्याला तोंड लावायचा नाही. कुलूप लावून निघून गेलेल्यांनी त्याला ही भीती घातली होती. तू त्यावर औषध काढलंस. आपल्यात निघताना कोणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात, तेवढंच तू धरलंस. भाजीला निघालीस तरी वाकून, त्याच्या डोळ्यात बघून, "येते रे मोज्या" म्हणायचीस आणि यायचीस. बघता बघता त्याला तो शब्द पाठ झाला. शब्द ऐकला की तो निवांत खाटेखाली जायचा. मग तू मलाही कामाला लावलंस. आपण सगळे हा शब्द तोंडदेखला म्हणतो, पण त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे वचन होतं. आणि मी आठवड्यात आलो नाही की तुझा फोन ठरलेला, "बाळू, तू येतो म्हणून गेलास. तो फाटकाकडे बघतोय." मी चिडायचो. शेंद्र्याच्या कंपनीत मेंटेनन्सचा फोरमन मी, माझ्या हाताखाली माणसं काम करतात, आणि गारखेड्यात एक कुत्रं माझी हजेरी घेतंय. आता कळतं की तू त्याला माझी ओळख पाठ करून देत होतीस.

संक्रांतीला आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण, पण त्यांच्या बाजूचं मोठं माणूस आता तीच. दारातूनच तिला मोज्याचे पाय दिसले आणि ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"नंदे, पांढऱ्या पायाचं जनावर कामून आणलंस गं घरात?"

तू तिळाचा डबा हातात घेऊन उभी होतीस. "आत्या, एक पांढऱ्या पायाची घरात होतीच की. म्हटलं जोडी होईल."

आत्याचा चेहरा पडला. तुला सासरहून परत आणायला ती आणि वडीलच गेले होते. बसमध्ये तिनं तुला पूर्ण वाटभर कुशीत धरून आणलं होतं, हे ती अजून सांगते. पण तो शब्द खोटा आहे असं ती तेव्हाही म्हणाली नव्हती. तिनं तुझ्याकडून तिळगूळ घेतला तो बाहेरच, आणि चहा न घेता गेली.

तू मला भित्रा म्हणायचीस, तर म्हण. आमच्या कंपनीत कोट्यवधीचं मशिन असलं तरी शनिवारी त्याला लिंबू-मिरची बांधल्याशिवाय आमचा पहिला जॉब निघत नाही. मी तुझ्या फाटकालाही एकदा लिंबू-मिरची बांधून गेलो होतो. पुढच्या रविवारी विचारलं तर तू सांगितलंस की लिंबू पोह्यांवर पिळलं आणि मिरच्या ठेच्यात गेल्या. त्याच सुमारास मला ताप आला होता आणि मी दुपारी तुझ्या दिवाणावर अंग टाकलं होतं. मोज्या खाटेखालून निघाला. एकेक पाऊल टाकत माझ्याकडे आला. मी श्वास धरून पडून राहिलो. त्यानं माझा हात हुंगला, तोंड हुंगलं आणि वळून परत तुझ्या खाटेखाली गेला. मला इतकं हायसं वाटलं की घाम फुटून ताप उतरला. आणि मग लक्षात आलं, मी जर बरा आहे तर हा तिथं कशाला पडून राहतो. खाली वाकून बघितलं तर त्याचे दोन डोळे उघडे होते.

तेव्हापासून मी तुझ्यावर नजर ठेवायला लागलो. तुझ्या ब्लाउजचे हात सैल झाले होते. भाकरी अर्धी खाऊन तू उरलेली ताटाखाली सरकवायचीस. विचारलं की म्हणायचीस, "तोंडाला चव नाही, ऊन वाढलंय." आपलं शेवटचं भांडण मागच्या अंगणात झालं. तू सुपात हरभऱ्याचे घाटे घेऊन सोलत बसली होतीस आणि मोज्या तुझ्या पायाशी होता, कारण आता तो तुझ्या मागं मागं अंगणातही यायला लागला होता. मी स्पष्ट बोललो. म्हटलं, "ताई, तुला बरं नाही. आणि हा तुझ्यापासून हलत नाही. मी याला उद्या चाचांकडे सोडून येतो. तू दुसरं आण, चार आण, पण हे नको."

तू घाटा सोलता सोलता म्हणालीस, "कुत्रं जवळ बसलं म्हणून माणूस मरत नाही, बाळू. मरणारं माणूस मरतंच. फक्त..."

तेवढ्यात आईनं आतून हाक मारली, तू सूप खाली ठेवून उठलीस, आणि ते "फक्त" तिथंच राहिलं. मी पुन्हा विचारलं नाही, कारण माझा राग गेला नव्हता. पुढच्या खेपेला आलो तेव्हा तू खाटेवर होतीस आणि भांडायची सोय राहिली नव्हती. दवाखान्यात चल म्हणून मी हातापाया पडलो. तू म्हणालीस, "मी तिथून माणसं घरी पाठवताना बघितलीत. मला आधीच घरी राहू दे." त्यानंतर तू फार थोडे दिवस काढलेस.

तू गेलीस तेव्हा भर दुपार होती. मी शेंद्र्याला शिफ्टवर होतो, वंदना करमाडला होती, आणि आई तुझ्यासाठी भाताची पेज करायला स्वयंपाकघरात गेली होती. आमच्यापैकी कोणीही तुझ्याजवळ नव्हतं. अगदी तू चाचांना सांगितलंस तसं. आई म्हणते, पेज ढवळताना तिला तुझा आवाज आला. तू मोज्याला काहीतरी म्हणालीस. तिला वाटलं, नेहमीचंच. मग तिच्या ध्यानात आलं की तू "जाते रे मोज्या" म्हणालीस. आपल्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही, लहान पोरगंही चुकून बोललं तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते. ती पळीसकट बाहेर आली. मोज्यानं पुढचे दोन पाय खाटेवर ठेवले होते आणि त्याचं डोकं तुझ्या हाताखाली होतं. तो भुंकला नाही, रडला नाही. हे ऐकल्यापासून मला त्याची जास्तच भीती वाटायला लागली, हे तुला सांगून टाकतो.

आणि मग माझ्याच तोंडून ते निघालं. स्मशानातून येऊन आंघोळी झाल्या, माणसं पांगायला लागली. मयताच्या घरातून निघताना कोणी "येतो" म्हणत नाही. का, तर पुन्हा अशाच कामाला यावं लागेल. त्यामुळं जो तो मान खाली घालून न बोलता उठत होता आणि फाटकाबाहेर पडत होता. मोज्याला हे कुठलं कळायला. त्याच्या लेखी एकामागून एक माणसं न सांगता निघून चालली होती, आणि थोड्या वेळापूर्वी तुलाही तसंच फाटकाबाहेर नेलं होतं. तो प्रत्येकाच्या मागं फाटकापर्यंत धावायचा, माती उकरायचा, परत यायचा, पुन्हा धावायचा. त्याच्या पंजातून रक्त यायला लागलं. बायका अंग चोरून उभ्या होत्या. कोणीतरी म्हणालं, हाणा त्याला काठी. मला करमाडहून कपडे आणायला जायचं होतं. मी फाटकाशी पोहोचलो, तो समोर आला, माझ्या तोंडाकडे बघायला लागला, आणि मी सवयीनं वाकून म्हटलं, "येतो रे मोज्या."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"आरं, काय बोललास हे? मयताच्या घरातनं येतो म्हणतेत व्हय? कुणासाठी येतो म्हणलास, बाळू?"

मोज्या मात्र शांत झाला होता. तो लंगडत घरात गेला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यामागं गेल्या. तुझी खाट उभी करून भिंतीला लावलेली होती, तिथं तो हुंगत थांबला, आणि पुढं आईच्या खोलीत जाऊन तिच्या खाटेखाली शिरला. आत्यानं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून आई अर्धी भाकरी ठेवायला लागली. मी डॉक्टरांना घरी आणलं. तुझ्याबरोबर नोकरीला होते तेच डॉक्टर. त्यांनी छाती तपासली, नाडी बघितली, म्हणाले, वय झालंय, त्यात लेक गेली, हळूहळू खाईल. फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मात्र त्यांनी चप्पल घालता घालता विचारलं, "सिस्टरनी तुम्हाला सांगितलं नव्हतं का? त्यांना दिवाळीच्या आधीच कळलं होतं. रिपोर्ट त्यांनी स्वतः वाचला."

दिवाळीच्या आधी, ताई. म्हणजे दशम्यांचा डबा घेऊन मी पैठण रोडला गाडी चालवत होतो तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. गच्चीवरचे कपडे काढलेस तेव्हा ठाऊक होतं. आत्याला चिडवलंस तेव्हाही. मरणाऱ्याच्या खाटेखाली बसणारं कुत्रं तू निवडून, बोट आत घालून, उघड्या डोळ्यांनी घरी आणलंस आणि आम्हाला वाटत राहिलं की तुला प्राण्यांची दया आली. मला तुझा इतका राग आला की मी अंगणात जाऊन तुझ्या कुंड्यांना पाणी घालत बसलो, आणि घालता घालता रडलो. रिपोर्टबद्दल तू एक शब्द बोलली असतीस तर मी काय केलं असतं? मुंबईला नेलं असतं, पुण्याला नेलं असतं, तुला सुखानं घरात राहू दिलं नसतं. हे तुला माहीत होतं म्हणूनच तू बोलली नाहीस, हेही मला समजतं. तरी राग जात नाही.

पण आता प्रश्न आईचा होता. मोज्या तिच्या खाटेखालून फक्त पाणी प्यायला उठत होता. आत्या रोज सकाळी येऊन आधी आईचं तोंड बघायची, मग खाली वाकून त्याला बघायची. काल ती म्हणाली, "बाळू, येतो म्हणून बसलास ते बसलास. आता दुसरं तरी हातानं करू नको. जनावर हलव इथनं. वैनीला काय झालं तर मी तुपलं तोंड बघणार नाय." मी चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "ले आव भाई. मेरे को मालूम था." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तरी मला लागलं.

आज सकाळी आई आंघोळीला गेली ती वेळ मी साधली. मोज्याला हाक मारली, पट्टा लावला. त्यानं ओढाताण केली नाही. गाडीचं मागचं दार उघडलं तर निमूटपणे चढला आणि माझ्याकडे पाठ करून बसला, त्या शेडमध्ये बसला होता तसाच. मी दार लावलं. आत्या ओसरीवर उभी होती, तिनं हात जोडले. मी गाडी सुरू केली आणि फाटक उघडायला उतरलो, तर आई बाहेर आलेली. ओले केस तसेच, हातात काठी. तुला ठाऊक आहे, वडील गेल्यापासून आई एकटी कधी फाटकापर्यंत आली नाही. ती येऊन गाडीला टेकून उभी राहिली.

"कुठं नेतोस त्याला?"

मी सांगितलं. आत्यानंही समजावलं, "वैनी, बरं नसतं असलं जनावर. नंदा गेली ना."

आई म्हणाली, "नंदीनं मला इचारूनच आणला व्हता त्याला."

आत्याचे जोडलेले हात खाली आले.

"दवाखान्यातनं आली ती माझ्यापाशीच बसली," आई म्हणाली. "म्हणली, आई, माझं आता लई दिवस नाय. मी म्हटलं, मपलं तरी कुठं लई हाय. मग म्हणली, बाळू शिफ्टला असतो, त्याचा संसार हाय, त्याला कुठवर बसवून ठिवायचं. दोघींजवळ बसायला कुणीतरी पायजे. दवाखान्यात ऐकलं, एक कुत्रं हाय म्हणं, ते उठत नाय जवळनं. आणू का? मी म्हटलं आण."

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. "ताईचं तुला ठाऊक होतं, आई? आणि तू पेज करत बसलीस?"

"मग काय करू? लेकराला भूक लागली तर?"

तिनं काठी गाडीच्या काचेवर टेकवली. मोज्यानं मान वळवली.

"त्याची एक बारी झाली," आई म्हणाली. "तिच्यापाशी बसला. त्या वक्ताला मी चुलीपाशी, तू कंपनीत. तो व्हता म्हणून माझ्या पोरीचा हात मोकळा राहिला नाय. आता माझ्यापाशी बसलाय. मला काय भ्या नाय रे मरणाचं. एकटीनं पडून ऱ्हायाचं भ्या वाटतं. तू त्याला नेऊन सोड. पर मग सांग, मपल्यापाशी कोण बसंल?"

आत्या पदरानं डोळे पुसत आत निघून गेली. मी गाडीचं दार उघडलं. मोज्या उतरला, आईच्या काठीच्या बाजूनं चालत घरात गेला. आई त्याच्यामागं गेली. मी गाडी बंद केली आणि त्यांच्यामागं आत गेलो.

ताई, माझी भीती गेलेली नाही. दुपारी आईनं भाकरीचा चतकोरच खाल्ला आणि बाकीची कुस्करून खाटेखाली सरकवली. आत्यानं ते बघितलं, मीही बघितलं, आणि आम्ही दोघं दुसऱ्याच विषयावर बोलायला लागलो. उद्याचा दहावा आटोपला की मी परवा कामावर जाणार होतो, तसं कळवूनही ठेवलं होतं. मघाशी कंपनीत फोन केला आणि रजा वाढवून मागितली. साहेबांनी विचारलं, किती दिवस. मी सांगितलं, आत्ताच सांगता येणार नाही.